फिटवालीची साक्ष

काकाने बाबांची बोटं तोडली तेव्हा टँकर अर्धा भरला होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे बरीच वर्षं मला हेच कुणी धड सांगू दिलं नाही.

आमची वाडी आगाशीच्या अलीकडे. केळी, थोडी पानवेल, एक सामाईक विहीर आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन भाऊ. नव्वदच्या दशकात विरारला इमारतींचं पीक आलं, पण त्या इमारतींना प्यायला पाणी नव्हतं. काकाने विहिरीवर मोटर बसवली आणि टँकरवाल्यांना पाणी विकायला लागला. एक टँकर हलला की दुसरा हजर. बघता बघता पाणी मचूळ झालं, केळीची पानं कडेने करपायला लागली. बाबा भांडले, चार लोकांना बोलावलं, आत्याला मध्ये घातलं. आत्या म्हणजे दोघांची थोरली बहीण. तिच्यासमोर काकाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टँकर लावला.

मग एका सकाळी बाबा कोयता घेऊन टँकरचा पाइप कापायला गेले. मी तेव्हा दहावीत होते, विहिरीजवळच्या दगडावर कपडे धूत होते. पाइपवर घाव बसला आणि काका धावत आला. त्याने कोयता हिसकावला आणि तोच बाबांवर चालवला. पहिला वार खांद्यावर बसला. दुसरा बाबांनी हाताने अडवला. तिसऱ्याची काही गरज नव्हती, बाबा तोवर गुडघ्यावर आले होते, तरी त्याने तो पाठीवर केला. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं पाटाच्या पाण्यात पडली. मी ती उचलली आणि केळीच्या पानात गुंडाळली, दुसरं हाताशी काही नव्हतं. टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला, बघितलं आणि परत वर जाऊन बसला. मोटर कुणी बंद केली नाही. टँकर भरला आणि गेला. कुठल्यातरी इमारतीत त्या पाण्यात त्या दिवशी डाळ शिजली असेल, याचा मला अजून राग येतो. त्या लोकांचा काही दोष नव्हता, पण येतो.

बोटं जोडता आली नाहीत. काका थोडे दिवस आत राहून जामिनावर सुटला आणि टँकर पुन्हा सुरू झाले. त्याच आठवड्यात मला पहिली फिट आली. मोटरची घरघर सुरू झाली, हातातलं ताट पडलं आणि पाठोपाठ मी. हातपाय जमिनीवर आपटायचे, मान दोन्हीकडे झटके खायची, डोळे गच्च मिटलेले. बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी कामातून गेली. आतली गोष्ट वेगळी होती. मला बोलता यायचं नाही, डोळे उघडता यायचे नाहीत, हात आवरता यायचे नाहीत, पण ऐकू सगळं यायचं. आणि दुखायचंही.

दुखायचं हे कुणाला पटायचं नाही. फिट म्हटलं की ज्याला त्याला प्रयोग करायचे असतात. कुणी नाकाशी कांदा फोडायचा, कुणी चप्पल धरायचा, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायचा. नाक्यावरचा डॉक्टर छातीच्या हाडावर बोटांची पेरं रगडायचा आणि हाताखालच्या पोरीला विचारायचा, "हलते का बघ." मी हलतच होते हो, हातपाय आपटत होते, फक्त त्याला हवं तसं हलत नव्हते. त्याने मिरगीच्या गोळ्या दिल्या. त्यांनी झोप भरपूर आली, फिटा तशाच राहिल्या.

शेवटी आई मला मुंबईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डोक्याला वायरी लावून ईईजी काढला. रिपोर्ट चांगला आला, आणि तिथून माझे खरे हाल सुरू झाले. आत्याने रिपोर्ट म्हणजे निकालपत्र धरलं. "मशीन सांगतंय मेंदू साफ आहे. म्हणजे ही नाटकं करते." पुढच्या फिटेत तिने पेटलेली उदबत्ती माझ्या तळपायाला लावली. चामडी जळाल्याचा वास मला आला. पाय मागे घ्यावा म्हणून आतून मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, आणि पाय माझं ऐकत नव्हता. आत्या म्हणाली, "बघा, किती पक्की आहे."

दवाखान्यात पुन्हा गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तळपाय पाहिला. आईला बाहेर बसवलं. विचारलं, "पहिली फिट यायच्या आधी घरात काय झालं होतं?" हा प्रश्न तोवर कुणीही विचारला नव्हता. मी केळीच्या पानापासून सांगायला लागले आणि रडत रडत मागे मागे गेले. त्या म्हणाल्या, "ही मिरगी नाही. आणि तू ढोंगही करत नाहीस. सगळ्यांच्याच बाबतीत असं काही घडलेलं असतं असं नाही, काहींना कारण सापडत नाही. तुझं शरीर मात्र अजून त्या विहिरीवरच उभं आहे." त्यांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या. मोटर सुरू झाली की पाय जमिनीत घट्ट रोवायचे, समोर दिसेल त्या वस्तूचं नाव मोठ्याने घ्यायचं, हे शिकवलं. कधी जमायचं, कधी नाही.

आता केस. बाबांखेरीज विहिरीवर मी एकटीच होते. ड्रायव्हर कधीच गायब झाला होता. माझी साक्ष उभी राहिली तर काका जाणार, नाही तर सुटणार, इतकं ते सरळ होतं. मला काका आत जायला हवा होता. दयामाया माझ्याकडे शिल्लक नव्हती.

वसईच्या कोर्टात तारीख लागली त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, टँकर आला आणि मी पडले. आईने मला माजघरात चटईवर ओढून घेतलं आणि ती पाणी आणायला गेली. ओटीवर बाबा, काका आणि आत्या बसले होते. काका आमच्या ओटीवर! आत्याच बोलत होती. "केस मागे घेता येत नाही म्हणतात, पण साक्ष तर फिरवता येते. हा टँकर बंद करेल. तू सांग, मोटरच्या पट्ट्यात हात गेला."

बाबा म्हणाले, "पोरगी बघितलेलं सांगेल."

"तिचं कोण ऐकतंय? फिटवाली ती. तूच सांग, भ्रमात बोलते म्हणून," आत्या म्हणाली.

"हळू बोल," बाबा म्हणाले.

"तिला काय कळतंय आता? बेशुद्ध आहे," काका म्हणाला.

सोयीचं असेल तेव्हा मी नाटकी, सोयीचं असेल तेव्हा बेशुद्ध. मी चटईवर डोकं आपटत होते आणि वाट बघत होते, बाबा आता उठतील, ह्याला हाकलतील.

बाबा म्हणाले, "टँकर थांबला तर तिच्या फिटाही थांबतील."

संध्याकाळी आईने भांडी घासता घासता विचारलं, "तू काय सांगणार उद्या?" म्हटलं, पाहिलं ते. सकाळी तिने माझ्यासाठी इस्त्रीचा ड्रेस काढून ठेवला.

निकालाचं सांगते आणि मोकळी होते: काका सुटला. टँकर बंद झाले, केळी पुन्हा धरली. माझ्या फिटा कमी झाल्या, पण त्या थांबायला आणखी खूप काळ गेला.

बाबांची साक्ष माझ्या आधी झाली. मला आत बोलावलं तेव्हा ते मागच्या बाकावर बसले होते, धड हात दुसऱ्या हातावर ठेवून. मी सगळं सांगितलं. कपडे, पाइप, कोयता, तिन्ही वार. मग काकाचा वकील उठला.

"तुझे वडील आत्ताच शपथेवर सांगून गेले. मोटरच्या पट्ट्यात हात गेला."

"पट्ट्याने पाठीवर पण वार केला का?"

"विचारलं तेवढंच बोलायचं. तुला फिटा येतात. भ्रम होतो. हेही तुझ्या वडिलांनीच सांगितलंय. मग खोटं कोण बोलतंय, तू की ते?"

बाबा माझ्याकडे बघत होते. गयावया करणारी नजर होती ती. कोयता पडतानाही त्यांनी असं कुणाकडे पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आत्ता फिट यावी. मी पडेन, तारीख पुढे जाईल, सगळ्यांची सुटका होईल, बाबांचीही. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला बोलावलं. डोळे मिटले, अंग सैल सोडलं, थांबले. ती आली नाही. हात माझे होते, पाय माझे होते, जीभही माझीच होती.

मी डोळे उघडले आणि म्हणाले, "बाबा खोटं बोलतायत."