सवयीने दाबलेलं ‘नको’

“स्ट्रोक आहे. इस्केमिक,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. मग त्यांनी विचारलं, “त्रास किती वाजता सुरू झाला?”

“पावणेआठला,” मी म्हटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतो. अजून वेळ गेलेली नाही, पण लवकर आला असतात तर बरं झालं असतं.”

तो उशीर माझ्यामुळे झाला होता.

सकाळी ह्यांच्या हातातला कप कलंडला, तोंड वाकडं झालं. मी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, “मेसेजमध्ये लिंक पाठवलीय मॅडम, दाबा. लोकेशन येईल आम्हाला.” दाबली. ‘लोकेशन देऊ का?’ असं फोनने विचारलं आणि माझ्या बोटाने सवयीने ‘नको’ दाबलं.

ही सवय ह्यांच्यामुळेच लागलेली. रिटायर झाल्यापासून मी कुठे आहे ते नकाशावर बघायचा ह्यांना नाद होता. जरा रेंगाळले की फोन यायचा, “अजून मार्केटमध्येच?” वैतागून मी लोकेशन कायमचं बंद करून टाकलं होतं.

मग तोंडी पत्ता सांगितला, दत्त चाळ, मुलुंड. चाळ पाडून टॉवर झाला, गेटवर इंग्रजी नाव लागलं, तरी आम्ही सगळे अजून चाळच म्हणतो. बराच वेळ गाडी येईना. शेवटी ड्रायव्हरचा फोन आला. “मॅडम, नकाशावर दत्त चाळ टाकली, भांडुपची दाखवली. इथे कोन पेशंटच नाय!” गेटवरचं नाव सांगितलं, तेव्हा कुठे गाडी आली.

वॉर्डात ह्यांच्या शेजारच्या खाटेवर घाटकोपरचे तांबे होते. त्यांनाही स्ट्रोकच, त्याच सकाळी. पण तांबेबाईंनी लिंक दाबून ‘हो’ म्हटलं होतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या सांगत, “मी पत्ता सांगितलाच नाही, गाडी थेट दारात!” तिसऱ्या दिवशी तांबे उपम्यात मीठ कमी आहे म्हणून भांडत होते.

ह्यांना मात्र अफेझिया झाला. समोरच्याचं बोलणं कळतं, स्वतःचे शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं तरी नुसते माझ्याकडे बघत राहायचे.

माझ्या पोटात दुखायचं, हे सरळच लिहिते. ते मिठावरचं भांडण मला ह्यांच्या तोंडून हवं होतं. तांबे बोलायला लागले की मी ऊन येतंय म्हणून मधला पडदा ओढायची. तिकडे ऊन येत नव्हतं. त्यांच्या डिस्चार्जच्या दिवशी तांबेबाईंनी पेढा दिला, तोही मी आयाला देऊन टाकला.

कोणावर ही वेळ आली, तर माझ्यासारखं करू नका. जीपीएस म्हणजे फोन उपग्रहांचे संकेत पकडून आपली जागा काढतो. भिंतींच्या आत ते नीट पकडता येत नाहीत, म्हणून जमलं तर खिडकीशी किंवा गॅलरीत उभं राहा. लोकेशन चालू ठेवा, विचारलं तर ‘हो’ म्हणा. तोंडीही पत्ता सांगा, पण गेटवर लिहिलेला.

घरी आल्यावर स्पीच थेरपी सुरू झाली, म्हणजे बोलण्याचा व्यायाम. ‘चहा’, ‘दार’, ‘पंखा’. एकेका शब्दाला घाम फुटायचा. मी लोकेशन चालू केलं आणि नकाशावर मी कुठे दिसते ते ह्यांना पुन्हा दाखवून ठेवलं.

गेल्या आठवड्यात मी भाजीवालीकडे मेथीच्या जुड्या निवडत होते. फोन वाजला, ह्यांचाच. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग खूप वेळाने, अडखळत, पण चिडून:

“अजून... मार्केट... मध्येच?”

भाजीवाली बघत राहिली, मी इतकी रडले. तांबेबाई समोर असत्या तर त्यांनाही ऐकवलं असतं.

“हो,” मी म्हटलं, “अजून मार्केटमध्येच आहे. ओरडा ना अहो, आणखी ओरडा.”