खाल्लेला ह

महाराष्ट्र अजून व्हायचा होता आणि इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं, तेव्हाची गोष्ट. पनवेलच्या आमच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर एकेक अक्षर घेत आणि ते अक्षर असलेले शब्द फळ्यावर लिहून देत. वहीला तीन रकाने: शब्द, उच्चार, अर्थ. मला त्यातल्या एचबद्दल लिहायचंय. इतकी वर्षं टाळलं, आता पुरे.

माझ्या शेजारी बसायची ती खाडीकडच्या गावातली, मिठागरात राबणाऱ्या घरातली. त्या घरातून शाळेत आलेली पहिलीच. 'आम्ही'ला 'आमी' आणि 'तुम्ही'ला 'तुमी' म्हणणाऱ्या तिच्या तोंडातून इंग्रजीतलाही ह निसटायचा. बिहाइंड म्हणजे मागे, ते तिचं 'बियाइंड'. चाइल्डहूड म्हणजे बालपण, ते 'चाइल्डूड'. मास्तर म्हणायचे, "खाल्लास ना ह? 'आहे'ला 'हाय' म्हणताना कसा बरा येतो गं?" वर्ग खिदळायचा. मीही.

पण तिला शिकवायला बसले तीही मीच. मधल्या सुट्टीत वडाळे तळ्याच्या काठावर मी तिच्या तोंडासमोर तळहात धरायचे. ह म्हणताना हाताला वारा लागला पाहिजे, हा माझा शोध. नाही लागला की पुन्हा. "एच दिसला की ह म्हणायचाच," हा एकच नियम मी तिला दिला. तिने तो असा पाळला की पुढच्या चाचणीत तिला माझ्याहून एक मार्क जास्त पडला. मास्तर वर्गाला म्हणाले, "हिचं ऐका जरा." पहिला नंबर ही माझ्या घरची जहागीर आहे, अशी तोवर माझी समजूत होती. माझा नुसता जळफळाट झाला. वरून मात्र मी हसले, शाबास म्हटलं.

त्याच सुमारास तिची नादारी ठरायची होती. नादारी म्हणजे फीमाफी. ती मिळाली तर नववी, नाहीतर मिठागर, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. हेडमास्तर वर्गात येऊन तिच्याकडून इंग्रजी उतारा वाचून घेणार होते.

आदल्या दोन दिवसांत मीठ ओढायला माणसं कमी पडली म्हणून ती आली नाही. नेमके तेव्हाच मास्तरांनी चार शब्द लिहिले आणि म्हणाले, "यांत एच मुका. लिहायचा, म्हणायचा नाही." अवर म्हणजे तास. ऑनर म्हणजे मान. एअर म्हणजे वारस. ऑनेस्ट म्हणजे प्रामाणिक.

उताऱ्याच्या दिवशी सकाळी ती धावतपळत आली. बोटांच्या चिरांत मीठ गेल्यामुळे हात झटकत होती.

"काल-परवा काय शिकवला?"

"काही नाही. जुनंच."

तिने वही मागितली. मी म्हटलं, घरी राहिली. वही दप्तरात होती आणि दप्तरावर मी कोपर टेकून बसले होते.

तिचे वडील बाहेर व्हरांड्यात उकिडवे बसले. उताऱ्यात एक प्रामाणिक म्हातारा होता आणि तो तासभर कोणाची तरी वाट बघत होता. ती उभी राहिली आणि 'हॉनेस्ट' म्हणाली. मग 'हवर' म्हणाली. इतका स्वच्छ ह आमच्या वर्गात आजवर कोणी उच्चारला नव्हता. वर्ग हसला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा, आणखी जोर लावून 'हॉनेस्ट' म्हणाली. तिला वाटलं, ह कमी पडला. मग हसणं कोणाला आवरेना.

हेडमास्तरांनी अजून काहीच ठरवलं नव्हतं. पण तिचे वडील दारात येऊन उभे होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, हसणं कळत होतं. "चल बाय," ते म्हणाले. "पुरे झाला." तिने दप्तर उचललं आणि ती गेली.

आठ दिवसांनी मी मिठागरावर गेले. कबूल करायचं, असं वाटभर घोकत गेले होते. ती बांधावर उभी होती, पाय पोटऱ्यांपर्यंत पांढरे. मी वही उघडून ते पान तिच्यापुढे धरलं, एवढंच मला जमलं. पानावर वर तारीख होती, उताऱ्याच्या आदल्या दिवसाची. त्या तारखेवर माझा अंगठा होता.

तिने चारही शब्द बोट ठेवून वाचले. "म्हंजे यात ह खायाचा?"

"हो."

"आमी खातो तसा?"

मी मान हलवली. तिचा चेहरा असा उजळला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग तू शिकवायच्या आदी मना येतच व्हता की!" ती हसत म्हणाली. "मास्तरांना सांगशील? सांग, तिला येता म्हून."

"सांगते," मी म्हणाले.

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मास्तरांनी विचारलं असतं, तिला वेळेवर कोणी का सांगितलं नाही. मी चौदा वर्षांची होते, पण एवढं मला कळत होतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसले आणि त्याची लाज मला आजही वाटते.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. बाजाराला येणाऱ्या त्यांच्या गावच्या एका बाईने मला तिचा निरोप आणून दिला. मला वाटलं, आमंत्रण असेल. तिने फक्त विचारलं होतं, मास्तर काय बोलले?