हात नसलेली पाणबुडी

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारचा माणूस एक पिवळी पेटी मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टर म्हणाला, "ठेवा की वर." त्यानं पेटीवर दोन्ही हात ठेवले. "न्हाय, राहू द्या."

आत काय आहे, मी विचारलं. कॅमेऱ्याची छोटी पाणबुडी, पुण्यातनं भाड्यानं आणलेली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, गप्प कसा बसणार? माणूस आत बसतो ती एक, वायरीला बांधलेली दुसरी, आणि समुद्राच्या तळाशी आपली आपण फिरून मोजमाप करते ती तिसरी. सगळं सांगून टाकलं.

"ही वायरीची," तो म्हणाला. "आमचं आबा धरणाच्या बॅकवॉटरला बुडी मारत्यात. पाणी उचलायच्या पाइपाच्या तोंडाला जाळी असती, तिच्यातला कचरा हातानं काढत्यात. आता वय झालं. म्हटलं, ही आणावी."

"म्हणजे आता आबांना जायला नको."

"जावंच लागंल. हिला दिसतंय, पर हात न्हायत." तो अंगठ्यानं पेटीची कडी उघडत होता, परत लावत होता. "आदी आबा खाली गेलं की मी काठावर डोळं मिटून बसायचो. आता पडद्यावर बघत बसायचं. हे बरं झालं का वाईट? तुमी शिकलेलं, तुमीच सांगा."

भवानीनगर मागं पडलं. तिन्ही प्रकार मला पाठ होते, ह्याचं उत्तर त्यांतल्या एकातही नव्हतं. इंदापूरला उतरताना त्यानं पेटी छातीशी धरली, आणि मी तिला खालून हात लावला.