झाडं बघायचं बुकिंग

झाडं बघायला आधी बुकिंग करावं लागतं, हे मला अमेरिकेत मुलाकडे राहायला आल्यावर कळलं. तेही झाडांचं नाही, गाडी उभी करायचं. लॅपटॉप उघडून मुलानं जेवणाच्या टेबलावर मीटिंगच भरवली. तो, सून, शाळकरी नात आणि कोपऱ्यात मी. विषय काय, तर शनिवारी रेडवूडचं जुनं जंगल बघायला जायचं.

"बाबा, हजार हजार वर्षांची झाडं आहेत. कुणी तोडलीच नाहीत."

"बाकीची सगळी तोडून झाली, म्हणून ही दाखवायला ठेवली असतील."

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि नियम वाचायला लागला. वाट सोडायची नाही. आत काही खायचं नाही. एका ठिकाणी तर मोठ्यानं बोलायचंही नाही.

"मग माणसानं तिथं करायचं काय?"

"बघायचं."

"बघून झाल्यावर?"

"देन वी कम होम, आजोबा," नात म्हणाली. त्या टेबलावर तेवढी एकच शहाणी.

तिथं फोन लागत नाही म्हणून पार्किंगचा पास आधीच डाउनलोड करायचा, गार असतं म्हणून जाकिटं घ्यायची, असं घोळ घालणं चाललं होतं. गावाकडं आम्ही रानात जायचो ते एका फडक्यात भाकरी बांधून. मी उठलो आणि आपल्याकडच्या वाणसामानाच्या इथल्या दुकानातून फुकट मिळालेलं कॅलेंडर बघितलं. शनिवारी आषाढ वद्य अष्टमी.

"मी येत नाही. शनिवारी तुझ्या आईचं वर्षश्राद्ध आहे."

"नाही हो बाबा, ते अजून लांब आहे. मी त्या तारखेला सुट्टी पण टाकलीय."

तारीख! दोन डिग्र्या घेतलेला माणूस, आणि श्राद्ध वाढदिवसासारखं तारखेनं धरून बसला होता. वर्षभर भिंतीवर कॅलेंडर लटकतंय, एकदा तोंड वर करून बघितलं नाही.

सून म्हणाली, "सकाळी सातला नैवेद्य दाखवून निघूया का? आपला स्लॉट अकराचा आहे."

"श्राद्धाचं पान दुपारी वाढतात. ती काय तुमच्या स्लॉटनं येणार आहे?"

"बाबा, आता दुसरा स्लॉट मिळणार नाही," मुलगा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात करू ना, आईला चालेल."

आईला चालेल. आईला सगळंच चालायचं. ती गेली तेव्हा हा व्हिसाच्या कागदांत अडकला होता. यानं फोनवर बघितलं, अग्नी माझ्या पुतण्यानं दिला. त्यावर मी वर्षभर एक शब्द बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"अग्नीला आला नाहीस. निदान पानाला तरी बस."

सुनेनं नातीला आत नेलं. मुलगा पडद्यावरच्या झाडांकडं बघत राहिला. मग लॅपटॉप मिटून म्हणाला, "त्या दोघी जातील. मी थांबतो." मला वाटलं, तोंडदेखलं बोलतोय.

शुक्रवारी ऑफिसातून येताना अळूची पानं घेऊन आला. सुकून चामडं झालेली. "आईला वड्या आवडायच्या ना?" म्हणाला. असली पानं तिनं भाजीवालीच्या तोंडावर फेकली असती. मी तसं बोलूनही दाखवलं. तरी त्यानं फोनमध्ये बघून बघून वड्या केल्या. निम्म्या सुटल्या.

शनिवारी दुपारी तो पानासमोर जमिनीवर बसला. मांडी घालता येईना, पँट काचत होती. हातात पाणी घेतलं आणि देवाला सोडतात तसं बोटांवरून सोडायला निघाला.

"अंगठ्याकडनं सोड रे, गाढवा," मी म्हटलं आणि त्याचं मनगट धरून वळवलं. सगळं पाणी पडून गेलं तरी मनगट मी तसंच धरून ठेवलं होतं, आणि त्यानंही सोडवून घेतलं नाही.