सरत्याची चाल आणि कॅमेऱ्याची गाडी

उंद्रीजवळ आमच्या शेतात सिनेमावाले आले होते. एकाच नटीला जुळ्या बहिणी म्हणून दाखवायचं होतं. त्यासाठी भिंगाचा आधी एक, मग दुसरा अर्धा भाग झाकून तीच फिल्म दोनदा चालवायची, आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्याची गाडी रुळांवरून अगदी एकाच वेगानं ढकलायची. त्यांच्या माणसाचं तीनदा चुकलं. फिल्मचा शेवटचा डबा उरला, तेव्हा त्यांचे दिग्दर्शक साहेब तो प्रसंगच गाळायला निघाले.

"मले ढकलू द्या," मी म्हटलं.

दीर हसले. "वहिनी, ते काय तिफन आहे?"

"तिफनच समजा."

पेरणीत तिफणीमागे सरत्याच्या नळीतून सरकी सोडत मी कित्येक वर्षं चालले होते. पाऊल चुकलं की पीक कुठं दाट, कुठं विरळ उगवतं आणि साऱ्या गावाला दिसत राहतं. तेच पाऊल धरून, मनातल्या मनात सरकी सोडत मी गाडी दोनदा ढकलली.

पुढं तो सिनेमा तंबूत लागला, तेव्हा पडद्यावर दोघी बहिणी शेजारी शेजारी चालल्या. मधला जोड कुठंच दिसला नाही.

"मानलं वहिनी," दीर म्हणाले, "पेरा सारखा उगवला."

"हाव. आता समोर पाहा."