दहा लाख तीन

परवा, सोमवारी भर दुपारी, सदर भागातल्या एका वाचनालयाच्या दारातून एका बाईला परत पाठवलं. संख्यांवरचं एक जाड पुस्तक तिथंच बसून वाचू द्या, एवढंच तिनं मागितलं होतं. कारकून म्हणाला, "लग्न झालेल्या बाईले हे कायले पाहिजे?"

संध्याकाळी उमरेडच्या एसटीत ती माझ्या शेजारी होती. केसातली पिन काढून खिडकीच्या धुळीवर ती दहा लाख तीनला सातशे एकोणीसनं भागत होती. बाकी उरली. तिनं तळहातानं काच पुसली आणि पुढचा भाजक घेतला.

"काच साफ करून राहिल्या का, बाई?" कंडक्टर हसला.

ती हसली नाही. मला म्हणाली, "हिले कोणानंच भाग जात नाही, असं वाटते. पण वाटून चालत नाही, भाऊ. एकेकानं भागून पाहा लागते, तवाच मूळ संख्या म्हणता येते. त्या कारकुनानं मले नाही म्हणताना काय पाहिलं?"

गाडीच्या हिसक्यांनी आकडे वाकडे होत होते. ती ते पुसून पुन्हा लिहीत होती.

येत्या सोमवारी ती परत त्या दारात येणार आहे. तुमच्याकडं तिथलं कार्ड असेल, तर तिच्यासोबत आत जा. तिला खुर्ची मिळेपर्यंत तुम्हीही बसू नका.