भिंतीकडेची कामोनी

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना गेली. तिच्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. बोललोही फारसा नाही. पण आता वय झालं, आणि तिला पाहिलेली माणसं एकेक करून कमी होत चालली, म्हणून लिहितो.

मी तेव्हा सालेकशाच्या बाजूच्या एका खेड्यात जिल्हा कौन्सिलच्या शाळेवर मास्तर होतो. हा सगळा मुलूख त्या वेळी भंडारा जिल्ह्यात मोडायचा. गावाला एक बोडी होती, म्हणजे लहान तलाव. तिच्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि पलीकडे लगेच जंगल. शाळेला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. त्यात आम्ही दोघं आणि ही मुलगी. तिच्या आधीची दोन बाळं राहिली नव्हती.

हिवताप त्या गावात घरोघरी होता. मुलीला तर दर महिन्या-दीड महिन्याने यायचा. पोस्टातून आणलेली कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, पुडी गुळात घालून दिली तरी ती डोळे मिटून, नाक दाबून घ्यायची. ताप उतरला की पुढचे चार दिवस तिच्या पायात त्राण नसे. शाळेतल्या मुलांचा आवाज ऐकत ती ओसरीवर गोधडीत बसून राही. तिला काही उद्योग असावा म्हणून मी एक कोरी वही शिवून दिली आणि म्हटलं, "गावात जेवढी फळं मिळतात तेवढी यात काढ. आधी फळ कापायचं, आत काय आहे ते बघायचं, मगच काढायचं."

नागपूरला मास्तरकीचं शिक्षण घेताना मी वनस्पतिशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक वाचलं होतं. त्यातलं जेवढं आठवत होतं तेवढं तिला सांगितलं. फळाच्या आत कठीण कवचाची आठळी असेल तर ते आठळीफळ. बोर, ज्यातून चारोळी निघते ते चार, आंबा, आवळा ही सगळी त्यातली. आठळी नसेल, पातळ सालीच्या आत नुसता गर आणि गरात बिया असतील, तर ते मृदुफळ. इंग्रज त्याला बेरी म्हणतो. पण बाजारात ज्याला तो बेरी म्हणतो ते प्रत्येक फळ शास्त्रात बेरी ठरत नाही. तुती घ्या. ते एक फळच नव्हे, दाटीनं बसलेली पुष्कळ फळं आहेत. आणि ज्याला कोणी फळसुद्धा म्हणत नाही ते टमाटर मात्र अस्सल बेरी.

हे ऐकून तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अन वांगं?"

"तेही."

"मी भाजी करून राहिली अन तुमी त्याले फळ म्हणता? उद्या मिरचीले पन म्हनान."

"मिरचीसुद्धा त्यातलीच," मी म्हटलं. मायलेकी दोघीही खूप हसल्या.

बाजाराच्या दिवशी एक म्हातारी गोंड बाई जंगलातली फळं घेऊन आमच्या दारावरून जायची. उन्हाळ्यात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणि चारं, थंडीत बोरं आणि आवळे. मुलीशी तिची गट्टी जमली. मुलगी टोपलीतलं एकेक फळ उचलून "आठळी की बी?" असं विचारायची आणि म्हातारी तिला मुद्दाम चुकीचं सांगायची. टेंभूर कापलं तेव्हा पिवळ्या गरात चकचकीत चपट्या बिया निघाल्या. मुलीनं त्या धुऊन ओळीनं मांडल्या. जांभळावरून मात्र आमचा बापलेकीचा वाद झाला.

"बाबूजी, यात तं एकच हाय. मंग ही आठळीच."

मी चाकू घेऊन त्या बीचे सहज दोन तुकडे करून दाखवले. "आठळी अशी कापली जाते का?" तिला ते पटलं नाही. वहीत तिनं जांभूळ आठळीफळांत आणि मृदुफळांत, दोन्हीकडे काढलं. केळ्यात बी कुठे आहे, हे तिला मधले काळे ठिपके दाखवून सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ केळं हातात धरून बसली होती. "मंग याच्या बिया लहानच राह्यल्या का?" असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

पावसाळा सरला की घराच्या मागच्या भिंतीकडेला कामोनीची झुडपं माजायची. वाटाण्याएवढी गोल फळं, आधी हिरवी, पिकली की काळीभोर. मी एक पिकलेलं फळ नखानं फोडून दाखवलं. आत बारीक बारीक बिया, अगदी वांग्यासारख्या. "ही वांग्याची बहीण. पिकलेली खाल्ली तर चालते. हिरवी तोंडात घालायची नाही, हिरवीत विष असतं." असं सांगून मी दोन काळी फळं स्वतः खाल्ली आणि दोन तिच्या तळव्यावर ठेवली.

बायको दारातून बघत होती. "कायले देऊन राहिले तिले असलं? रोज तं तिले ताप येते."

"तापाचा आणि याचा संबंध नाही," मी म्हटलं. माझ्या बोलण्यात थोडा शिकलेपणाचा ताठा होता, हे कबूल करतो.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर मला शाळेच्या कामासाठी आमगावला जावं लागलं. मुलगी नुकतीच तापातून उठली होती. निघताना ती वहीत सीताफळ काढत होती. मी दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो तर ती गोधडीत पडलेली. अंग चटका बसावा असं तापलेलं, आणि ओठांवर, बोटांवर जांभळे डाग.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

ती आईकडे बघत राहिली.

"तुमच्या कामोन्या," बायको म्हणाली. "तुमीच शिकवल्या."

संध्याकाळच्या आत तिला झटके यायला लागले. पाटलाची बंडी मागून आम्ही तिला घेऊन आमगावच्या दवाखान्यात निघालो. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले. म्हणाले, पानथरी, म्हणजे प्लीहा, फार वाढली आहे आणि ताप डोक्यात गेला आहे. मी कामोनीचं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, हा हिवताप आहे. फळाचं मनातून काढा." सुई दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टरांचं बोलणं बायकोनंही ऐकलं होतं. पण गावात प्रत्येक जण येऊन हेच सांगे की जंगलाचं खाल्लं म्हणून असं झालं. दिवस झाल्यावर तिनं भिंतीकडेची सगळी झुडपं मुळासकट उपटून पेटवली. त्यानंतर घरात वांगं आणलं नाही. टमाटर नाही. मिरचीवाचून चालत नाही म्हणून तेवढी ठेवली. वांग्याशिवाय पंगत न उठणाऱ्या झाडीपट्टीतल्या बाईनं वांगं सोडणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांनाच कळेल. मी कधी विचारलं नाही. मलाही आतून एक शंका कुरतडत होती. मी नसताना पोरीनं हिरवी फळं तर खाल्ली नसतील? ताप हिवतापाचाच असेल, पण त्यावर ते विष पडलं असेल तर? डॉक्टरांना हे विचारायचं राहून गेलं होतं, आणि नंतर विचारण्याची हिंमत झाली नाही.

वैशाखात ती म्हातारी टेंभरांची टोपली घेऊन आली. मधले काही महिने आजारी होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. ओसरीवर टोपली टेकवून तिनं मुलीची चौकशी केली, "टुरी कुठी गेली?" बायको आत निघून गेली. मी सांगितलं. म्हातारीनं सगळी टेंभरं तिथंच ओसरीवर ओतली आणि रिकामी टोपली घेऊन गेली. ती फळं मी शाळेतल्या मुलांना वाटली. म्हातारी पुन्हा आमच्या दारावरून गेली नाही.

पुढे माझी बदली गोंदियाला झाली. सामान बांधताना वही काढली तर वाळवीनं तिची पानं एकमेकांना चिकटवून टाकली होती. मूल पुन्हा झालं नाही. गोंदियाच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघं एकमेकांना धरून राहिलो, पण मुलीचा विषय दोघंही टाळत असू. अशी अकरा वर्षं गेली.

देश स्वतंत्र व्हायला काही महिने उरले होते, तेव्हाची गोष्ट. शेजारी एका रेल्वेतल्या हिंदी बोलणाऱ्या कुटुंबाची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि तिची पाच वर्षांची मुलगी दिवसभर आमच्याकडेच असायची. एका दुपारी ती ओठ काळे करून आली आणि मूठ उघडून म्हणाली, "अम्मा, मकोय खाओगी?" मकोय म्हणजे आमची कामोनीच. मी खुर्चीवरून उठलो. बायको आता ओरडेल, असं वाटलं. तिनं पोरीच्या मुठीतली फळं एकेक करून पाहिली, तिचं तोंड धुतलं आणि तिला घरी पाठवलं. मग माझ्यासमोर खाली बसली.

"त्या दिवशी मीच देल्या तिले," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"तुमी आमगावले गेले होते. तिच्या तोंडाले चव नव्हती. भाकर खाईना, दूध घेईना. म्हने, आई, कामोन्या दे. मीच तोडून आनल्या. धुतल्या. वाटीत देल्या. संध्याकारीच अंग तापलं. तुमी आले अन विचारलं, तवा ते माह्याकडे पाहत राह्यली. तिनं सांगतलं नाही. मंग मी तुमच्यावर लोटलं."

मी विचारलं, "हिरव्या होत्या का त्यात?" इतक्या वर्षांनी पहिला प्रश्न मी हा विचारला, याची मला अजून लाज वाटते.

"एक पन नव्हती. तुमी सांगतलं होतं ना. मी निवडून घेतल्या."

"मग कामोन्यांनी काही झालं नाही," मी म्हटलं. "डॉक्टर खरंच सांगत होते."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "तवाही माहीत होतं. पन कोनाच्या तरी माथ्यावर ठेवल्याबिगर मले राहवत नव्हतं."

मी तिचा हात धरला. ती रडली, मीही रडलो. त्यानंतर ती आपणहून बोलायला लागली. मुलीनं तेव्हा वाटीतली निम्मी फळं मोजून बाजूला ठेवली होती, म्हणे. "हे बाबूजीले," असं सांगून. पण मग राहवलं नाही, तीही खाल्ली, आणि हसली. अंगात त्राण नसूनही पोरगी त्या दुपारी दोनदा हसली होती. वेणी घालू दिली होती. सीताफळाचं चित्र आईला उलगडून दाखवलं होतं, आणि आईला ते समजलं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून समजावलं होतं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्या मुलीचा तो एक चांगला दिवस अकरा वर्षं माझ्याच घरात होता, आणि मी तो कधी मागितला नव्हता. त्या दिवशी चुलीवर भात लागून करपला तरी आम्ही उठलो नाही. मी विचारत राहिलो आणि ती सांगत राहिली.